पडलेले दान आणि दिलेले दान

सज्जनहो, संसाराला खेळाची उपमा देण्याची आपल्या संतांची रीत फार जुनी आहे. विटीदांडू, हुतूतू, हमामा, फुगडी, टिपरी, असा एकही खेळ त्यांनी सोडला नाही. गोकुळात देव गोपाळांबरोबर जे जे खेळला त्या त्या खेळावर अभंग झाले. नाथबाबांनी तर भारुडांतून सगळे अंगण आणि सगळा बाजार परमार्थाच्या कामी लावला. कारण उघड आहे. ज्याला वेदान्ताचा ग्रंथ हाती धरवत नाही, त्याच्याही हाती लहानपणी कवड्या आणि सोंगट्या येऊन गेलेल्या असतात. ठाऊक असलेल्यावरून ठाऊक नसलेले सांगावे, हाच दृष्टान्ताचा धर्म.

पटावरच्या खेळांत आपल्या संप्रदायाच्या जिव्हाळ्याचा पट म्हणजे मोक्षपट. तो माउलींनी काढला असे परंपरा सांगते. या जातीचे पट पुढे देशभर झाले. ज्ञानचौपड हे त्यांचे दुसरे नाव. वैष्णवांच्या पटांत ७२ घरे असतात, जैनांच्या पटांत ८४ घरे आढळतात. दया, श्रद्धा, भक्ती यांच्या घरातून शिडी वर जाते. क्रोध, लोभ, अहंकार यांच्या घरात सापाचे तोंड असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ विलायतेत गेला आणि तिथून ‘सापशिडी’ होऊन परत आला. येताना शिडीवरचे दयेचे नाव पुसले गेले, सापावरचे अहंकाराचे नाव पुसले गेले, आणि राहिले नुसते आकडे. असो.

पण मोक्षपट खेळताना एक गोष्ट ध्यानात येते. त्या पटावर खेळणाऱ्याला स्वतः करण्यासारखे काही नसते. कवड्या टाकायच्या, पडेल तितकी घरे मोजायची; शिडी आली तर चढायचे, साप आला तर उतरायचे. शिडीवर ‘दया’ लिहिलेले असते, पण तिथे पोचण्यासाठी कुणावर दया करावी लागत नाही. माणसाचे जिणेही असेच आहे काय? पडेल तसे चालायचे, एवढेच काय ते आपल्या हाती?

आपली मराठी भाषा इथे फार मार्मिक आहे. फाशांनी किंवा कवड्यांनी जे येते त्याला आपण ‘दान’ म्हणतो. दान पडले, दान उलटे पडले, असे म्हणतो. आणि आपल्या ओंजळीतून दुसऱ्याच्या ओंजळीत जे जाते तेही दानच. शब्द एकच. एक दान पडते, दुसरे द्यावे लागते. या दोन दानांचा एकमेकांशी संबंध काय, एवढाच आजच्या निरूपणाचा विषय आहे.

फाशांविषयी आपल्या शास्त्रांनी कमी सांगितलेले नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. बायको दुरावली, घरदार गेले, तरी फाशांचा खुळखुळाट ऐकला की ज्याचे पाय तिकडेच वळतात, अशा माणसाचे ते रडगाणे. आणि शेवटी उपदेश कोणता? फासे सोड आणि आपले शेत कस. शेतकरी बंधूंनो, वेदाने जुगाऱ्याला तुमच्याकडे बोट दाखवले आहे! पुढे सभापर्वात पाहा. फासे शकुनीचे होते, दान शकुनीच्या मनासारखे पडत होते, हे सगळे खरे. पण ‘पण’ कुणी लावला? राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी, हे सारे धर्मराजांच्याच मुखातून निघाले. दान दुसऱ्याचे असेल, पण ‘पण’ ज्याचा त्याचा असतो.

आता एक नवा दृष्टान्त ऐका. तो आम्हाला शहरातल्या मुलांनी दिला. गेल्या वर्षी श्रावणात एका गावी सप्ताहाच्या निमित्ताने आमचा मुक्काम होता. यजमानांची नातवंडे आली होती. बाहेर पावसाची झड, म्हणून पोरे दुपारभर ओटीवर एक भला मोठा पट मांडून बसली होती. पटावर समुद्र, वाळवंटे, डोंगर, शहरे, आणि मधोमध बगदाद. खेळाचे नाव ‘टेल्स ऑफ द अरेबियन नाइट्स’. एरिक गोल्डबर्ग नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी तो १९८५ साली रचला आणि २००९ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. खेळ परका, पण गोष्टी आपल्या ओळखीच्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या तेव्हापासून सिंदबाद आणि अलीबाबा आपल्या घरांतलेच होऊन बसले आहेत.

खेळाची रीत अशी. कुणी सिंदबाद होतो, कुणी अल्लाउद्दीन, कुणी शहराजाद. बगदादहून निघायचे. निघताना प्रत्येकाला एक कामगिरी मिळते. तीन गुण ज्याचे त्याने निवडून घ्यायचे. कुणी नौकानयन घेतो, कुणी शस्त्रविद्या, कुणी विद्वत्ता. त्या गुणांच्या यादीत धर्मनिष्ठाही आहे, हे पाहून आम्हाला बरे वाटले. मग सोंगटी हलवली की एक पान उचलायचे. त्यावर भेटणारा असतो: भिकारी, चोर, जिन, नाहीतर समुद्रातले वादळ. आता या भेटीला उत्तर काय द्यायचे? मदत करायची, बोलायचे, लुटायचे, टाळायचे की प्रार्थना करायची? उत्तर खेळणाऱ्याने निवडायचे. मग दैवाचा एक फासा टाकायचा. त्याच्या काही बाजूंवर अधिकाची खूण, काहींवर उण्याची, काही कोऱ्या. निवडलेल्या उत्तराप्रमाणे पोथीतला जो उतारा निघायचा, त्याच्या एक पुढचा किंवा एक मागचा निघतो, एवढेच काम तो फासा करतो. पोथी म्हणजे दोन हजारांहून अधिक उताऱ्यांचे जाडजूड पुस्तक.

आणि यातली खरी गंमत पुढेच आहे. ही पोथी ज्याची त्याने वाचायची नाही. ती शेजाऱ्याच्या हाती असते. माझ्या सोंगटीचे काय झाले ते मला शेजारी वाचून दाखवणार, आणि त्याचे काय झाले ते त्याला दुसरा कुणी. त्या मुलांतला थोरला इंग्रजीत वाचायचा आणि धाकट्यांना मराठीत सांगायचा. आवाज चढवून, थांबून, डोळे मोठे करून! आम्ही मनात म्हटले, गादीवर उभा राहिला तर हा पोरगा कीर्तन रंगवील.

कथा अशीच मुखातून कानात जाते, सज्जनहो. ज्या अल्लाउद्दीनची गोष्ट जगभर झाली, ती फ्रेंच पंडित गालां यांना १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या तरुणाने तोंडी सांगितली. त्यांच्याजवळच्या जुन्या अरबी पोथीत ती नव्हती. आणि त्या साऱ्या गोष्टींचे मूळ सूत्र काय? सूर्योदयाला जिचे डोके उडायचे आहे अशी शहराजाद रात्रभर राजाला गोष्ट सांगते, आणि गोष्ट अपुरी राहिली म्हणून एक दिवस जगते. आपल्याकडे पाहा. परीक्षित राजाला सातव्या दिवशी तक्षकाचा दंश ठरलेला, आणि शुकाचार्य त्याला भागवत सांगतात. तिकडे मरण सांगणाऱ्याच्या उशाशी, इकडे ऐकणाऱ्याच्या. पण एक फरक आहे. शहराजादने कथेने मरण पुढे ढकलले. परीक्षितीने ते ढकलले नाही. सात दिवसांत त्याची भीती गेली आणि तक्षक यायचा तेव्हा आला. म्हणून आम्ही सप्ताहाला बसतो ते आयुष्य वाढावे म्हणून नव्हे.

तर खेळ चालला होता. यजमानांची बारा-तेरा वर्षांची नात, तिची सोंगटी एका संकटात सापडलेल्या माणसापाशी आली. तिने मदत निवडली. फासा पडला, थोरल्याने उतारा वाचला, आणि निष्पन्न काय? पोरगी बंदिवासात! पुढच्याच डावात धाकट्याने कुणाला तरी लुटले, तर त्याच्या पदरात धन. पोरीचे डोळे भरले. ती उठून आमच्यापाशी आली नि म्हणाली, “बुवा, मी मदत केली तर मला तुरुंग, ह्याने लुटले तर ह्याला पैसे. हा खेळच खोटा आहे की नाही?”

आम्ही उत्तर देणार तोच उंबऱ्यापाशी बसलेले एक माळकरी गृहस्थ बोलले. वय सत्तरीचे. आमच्या माहितीत तीस वर्षे त्यांची पायी वारी चुकलेली नव्हती, पण त्या साली ते दिंडीत नव्हते. ते म्हणाले, “खोटा कशानं बाळा? जग असंच हाय. आमच्या पोरानं रात्री शेजाऱ्याच्या सुनेला दवाखान्यात पोचवलं. ती बाळंत झाली, सुखरूप झाली. आमचं पोर मोटारसायकलवरून परत येताना गेलं. तेराव्याला चार माणसं म्हणाली, प्रारब्ध. बुवा, चितेनं जेवढं भाजलं नसंल तेवढं त्या शब्दानं भाजलं.”

ओटीवर सगळे गप्प झाले. पोरांनी फासा खाली ठेवला.

सज्जनहो, पोरीचा प्रश्न आणि म्हाताऱ्याचा प्रश्न एकच आहे, आणि हा प्रश्न आजचा नाही. वनवासात धर्मराजांनी बृहदश्व ऋषींना हेच विचारले होते, की माझ्याइतका अभागी राजा या पृथ्वीवर दुसरा कुणी झाला का? ऋषींनी ‘प्रारब्ध’ म्हणून हात झटकले नाहीत. ते जवळ बसले आणि त्यांनी नळाची कथा सांगितली. त्यातला एकच प्रसंग घेऊ.

नळ द्यूतात सर्वस्व हरला आहे. अंगात कली शिरला आहे. अंगावर धड वस्त्र नाही, निजलेल्या दमयंतीला रानात टाकून तो एकटा हिंडतो आहे. याहून उलटे दान ते कोणते पडायचे? अशात वणवा पेटलेला दिसतो आणि आगीतून हाक येते, मला वाचव. पाहतो तो कर्कोटक नाग. नळाने काय करावे? माझेच मला जड झाले आहे, असे म्हणून पुढे जाता आले असते. पण तो आगीत शिरला आणि त्याने नागाला उचलून बाहेर आणले. आणि नागाने काय केले? दंश केला! राजाचे सुंदर रूप गेले, तो कुरूप बाहुक झाला. पोरी, तुला तर नुसता बंदिवास मिळाला!

पण ऐका. त्या कुरूपपणामुळे नळाला कुणी ओळखले नाही आणि तो निर्धास्त राहिला. ते विष नळाला बाधले नाही, त्याच्या आत दडलेल्या कलीला जाळीत राहिले. पुढे ऋतुपर्ण राजाकडून फाशांची विद्या मिळाली, कली बाहेर पडला, दमयंती भेटली, राज्य आले. दंश झाला त्या क्षणी जर कुणी उतारा वाचून पोथी मिटली असती, तर ‘मदत केली आणि साप चावला’ एवढीच कथा उरली असती. आपल्या आयुष्याचा आपल्याला दिसतो तो एक उतारा. पोथी मोठी आहे.

हे ऐकून पोरीचे समाधान झाले. ती परत खेळायला गेली. म्हाताऱ्याचे झाले नाही, आणि व्हायला नकोच होते. ते म्हणाले, “नळाला राज्य मिळालं बुवा. माझं पोर काही येत नाही.”

खरे आहे. म्हणून सिद्धान्त नीट पाहिला पाहिजे. शास्त्राने कर्माचे तीन भाग केले. कणगीत साठवलेले धान्य ते संचित. त्यातले जे आज शिजून ताटात आले ते प्रारब्ध. आणि आज जे शेतात पेरतो ते क्रियमाण. ताटातले बदलता येत नाही, पेरायचे मात्र आपल्या मुठीत असते. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्माची पाच कारणे मोजली आहेत: शरीर, कर्ता, इंद्रिये, नाना प्रकारच्या हालचाली, आणि दैव. दैव पाचवे आहे, पहिले नव्हे. त्या परक्या खेळाच्या कर्त्यानेही दैवाच्या फाशाला एक उतारा पुढे किंवा एक मागे एवढाच अधिकार दिला, आणि उत्तराची निवड माणसाकडे ठेवली, याचे आम्हाला कौतुक वाटले.

त्या खेळात आणखी एक खुबी आहे. एखाद्या उताऱ्यात सोंगटीला वेड लागते. वेड लागले की काय होते? भेट तीच येते, पण उत्तर निवडण्याचा हक्क जातो. तिच्या वतीने दुसराच कुणी निवडतो. केवढा बोध आहे! क्रोधाने मोह, मोहाने स्मृतिनाश, आणि शेवटी बुद्धिनाश, ही पायरी भगवंतांनी गीतेत सांगितली ती हीच. रागात माणूस उत्तर देत नाही. त्याच्याकडून कुणीतरी देववतो. दान उलटे पडले म्हणून माणूस हरत नाही. निवडण्याचा हक्क गेला की हरतो.

आता प्रारब्ध या शब्दाविषयी आम्हाला चार गोष्टी निक्षून सांगायच्या आहेत, कारण हा शब्द आम्हा कीर्तनकारांच्या तोंडी फार असतो. प्रारब्ध हा शब्द ज्याने त्याने स्वतःपुरता वापरावा. माझे शेत बुडाले, मी म्हणावे, भोग होता, सरला. त्याने मला धीर येतो. पण शेजाऱ्याचे शेत बुडाले आणि मी ओट्यावरून म्हणालो, तुझे प्रारब्ध, तर तो धीर झाला नाही, दगड झाला. औषध तेच, स्वतः घेतले तर गुणकारी, दुसऱ्याच्या डोळ्यांत फेकले तर जहाल.

चोखोबांचे उदाहरण सर्वांना पाठ आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता कूस कोसळली आणि चोखोबा बाकीच्या मजुरांसह तिच्याखाली गेले. ते साल इ.स. १३३८ सांगतात. जन्मभर विठ्ठलाचे नाम घेतले, आणि शेवट दगडमातीच्या ढिगात. त्यांना राज्य मिळाले नाही, कली निघून गेला नाही, कुठले सुंदर रूप परत आले नाही. आता नामदेवरायांनी काय केले ते पाहा. ‘प्रारब्ध’ म्हणून ते पंढरीत बसून राहिले नाहीत. ते मंगळवेढ्याला गेले. तो ढीग उपसला. हाडे कुणाची म्हणून ओळखायची? ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे परंपरा सांगते. ती पंढरपुरी आणून महाद्वारात समाधी केली, ती आजही नामदेव पायरीपाशी आहे. यात चमत्कार कोणता, असे आम्हाला कुणी विचारले तर आम्ही सांगतो, हाडे बोलली हा चमत्कार आहेच. पण नामदेवराय वाकले आणि त्यांनी कान लावला, हा त्याहून मोठा.

आणि चोखोबांच्या हयातीत त्यांना जे देवळाबाहेर उभे राहावे लागले, ते दान कुणाचे पडलेले होते? देवाचे? ते तर माणसांनी दिलेले होते, आणि त्याला प्रारब्ध असे नाव देऊन समाज मोकळा झाला. शेकडो वर्षे मोकळा राहिला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा तो दरवाजा सर्वांना उघडला. आपल्याच हाताने पाडलेले दान आपण दैवाच्या नावावर लिहितो, हे पाप फार सूक्ष्म आहे. वारकऱ्याने त्याची शुद्ध ठेवली पाहिजे.

याच दृष्टीने कौरवांची सभा पुन्हा पाहा. दान द्रौपदीवर उलटे पडले. तिने सभेला प्रश्न विचारला. भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. त्यांना वाटले असेल, हा धर्मराजाचा डाव आहे, आपली पाळी नाही. पण त्या क्षणी खरी पाळी त्यांचीच होती! द्रौपदीची विटंबना ही त्यांच्यापुढे आलेली भेट होती आणि उत्तर त्यांनी निवडायचे होते. विदुर बोलले. आणि कौरवांतला एक धाकटा भाऊ, विकर्ण, तो उठून बोलला. बाकीच्यांनी खाली पाहिले. ते खाली पाहणे हेही उत्तरच होते, आणि त्या उत्तराचा उतारा कुरुक्षेत्रावर वाचला गेला.

आता पडलेल्या दानाचा आणि दिलेल्या दानाचा संबंध ध्यानात आला ना? दुसऱ्यावर उलटे पडलेले दान म्हणजे माझ्यापुढे आलेली भेट. पोरांच्या खेळात एकजण बंदिवासात गेला की बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहतात. तो खेळ आहे, तिथे एकजण जिंकायचा असतो. प्रत्येकाने कथेचे गुण किती आणि दैवाचे किती, मिळून २०, असा आपला आकडा गुपचूप लिहून ठेवायचा. तो भरला की बगदादला परतायचे आणि जिंकायचे. आपल्या वारीत असा आकडा नाही. पंढरीला पहिला पोचला म्हणून कुणाला बक्षीस मिळाल्याचे आम्ही ऐकले नाही. पताकाधारी पुढे असतो, पण तो दिंडी सोडून पुढे जात नाही.

पालखीच्या मुक्कामी माउलींची समाजआरती होते, तिचा नेम आठवा. दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप वर करतात आणि एका क्षणात सारे शांत होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात आणि तिचे म्हणणे ऐकून घेतात. कुणाचे काय हरवले, काय सापडले तेही पुकारले जाते. त्यानंतर आरती. मायबापहो, हा नेम ज्यांनी घातला त्यांनी केवढे शास्त्र एका रिवाजात बांधले! ज्याचे काही हरवले त्याचे आधी ऐकायचे, देवाची आरती मग. हजारो माणसे अंधारात उभी राहतात, एका दिंडीचे टाळ का वाजताहेत ते कळेपर्यंत.

त्या दिवशी ओटीवर आम्ही म्हाताऱ्याला एवढेच म्हणालो, “बाबा, तुमच्या मुलाला त्या रात्री एक भेट आली. शेजारीण अडली होती. त्याने उत्तर दिले. पुढे रस्त्यावर जे झाले ते त्या उत्तराचे फळ नव्हे. त्या उत्तराचे फळ त्या घरी रांगते आहे. तुमच्यावर जे पडले त्याचे कारण आम्ही सांगणार नाही. तुमचे टाळ वाजताहेत, ते ऐकायला मात्र आम्ही बसलो आहो.” ते बराच वेळ बोलले. मुलाच्या लहानपणापासूनचे सगळे सांगितले. यजमान आले, यजमानीणबाई आल्या, पोरेही खेळ सोडून बसली. मध्येच त्या पोरीने उठून त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. आम्ही तिला काही सांगितले नव्हते. उत्तर तिचे तिने निवडले.

आम्हाला वाटते, शेजाऱ्याच्या हाती पोथी देण्यात त्या खेळाचे खरे मर्म आहे. माझी कथा मला एकट्याला वाचता येत नाही. दुःखात तर नाहीच नाही. डोळ्यांपुढची अक्षरे पुसट होतात. तेव्हा कुणीतरी शेजारी बसून ती वाचावी लागते, सावकाश, एकेक उतारा, पुढे पान आहे हे ठाऊक असल्यासारखी. संतसंग म्हणतात तो हाच. दिंडी म्हणतात ती हीच.

तेव्हा येत्या वारीला निघताना प्रत्येकाने आपल्या गावाकडे एकदा नजर टाकावी. गेल्या साली दिंडीत होता आणि औंदा नाही, असा कोण आहे? कुणाच्या घरी उलटे दान पडले आहे? त्याच्या दारी जावे. प्रारब्ध, भोग, देवाची इच्छा, यांतला एकही शब्द तोंडातून काढू नये. जवळ बसावे, विचारावे, ऐकावे. येतो म्हणाला तर त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घ्यावी. येत नाही म्हणाला तर त्याच्या शेताची पाळी घालून, त्याच्या गुरांची सोय लावून मग निघावे. त्याच्या नावाने चंद्रभागेत एक बुडी मारावी. आपल्यावर जे पडेल ते नामाने सोसावे, दुसऱ्यावर जे पडेल त्याला हाताने उत्तर द्यावे. पडणारे दान पांडुरंगाकडे, देणारे दान आपल्याकडे, अशी ही वाटणी आहे. ती उलटी करू नये.

पुंडलिकाने तरी दुसरे काय केले? देव दारी आला, तेव्हा त्याच्या हाती आईबापांची सेवा होती. त्याने देवाला वीट दिली आणि सेवा चालू ठेवली. तेवढ्या एका दानावर देव अजून उभा आहे.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.